ओळखीचे सहा दिवस

लोकशाळेच्या प्रवेशपत्रासोबत नऊ सूचना आल्या होत्या. त्यातल्या आठ प्रणाली शेलारने काटेकोर पाळल्या. टॅब भिंतीला टेकवून ठेवला, खिडकीचा उजेड पोरीच्या तोंडावर पडेल अशी जागा निवडली, कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून भात-आमटी सकाळीच उरकली आणि कोंबड्या शेजारच्या सुलूकाकूंच्या खुराड्यात कोंडून आली. राहिली चौथी सूचना. 'ओळखीच्या सहा दिवसांत विद्यार्थी खोलीत एकटा असावा. पालकांनी कोणत्याही प्रकारे मदत करू नये.' ही तिने दोनदा वाचली आणि कागद फ्रिजवर ठेवून दिला. असल्या सूचना लिहिणाऱ्याला लिहाव्या लागतात, म्हणून तो लिहितो, असं तिचं मत होतं.

तिला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. पाहुण्याने "बाळ, नाव काय तुझं?" विचारलं, की बाळाने तोंड उघडायच्या आत "सांग की, केतकी म्हणून," असं सांगून मोकळी होणारी आई आपल्याकडे घरोघरी सापडते. बालवाडीच्या मुलाखतीला तर मूल खुर्चीत बसतं आणि उत्तर आईच्या ओठांवर असतं. बाहेरच्यांसमोर लेकराने चुकायचं नाही, चुकलं तर आईची मान खाली. प्रणालीने फक्त ही जुनी रीत दोन हजार एक्केचाळीस सालच्या शाळेत नेली.

सडेवाडी हे पाटणच्या डोंगरावर, सपाट सड्यावर वसलेलं गाव. चाळीस घरं आणि दीडशे पवनचक्क्या. गावकरी त्यांना पंखे म्हणत. प्रणाली त्या पंख्यांवर तंत्रज्ञ होती. रोज सकाळी कमरेला पट्टा बांधून ऐंशी मीटरची शिडी चढायची, वरचे बोल्ट तपासायची, दुपारी दोनला खाली उतरायची. नवरा संग्राम गुजरातच्या समुद्रातल्या पंख्यांवर होता आणि तीन महिन्यांनी एकदा घरी यायचा. गावातली शाळा पटावर चारच मुलं उरली तेव्हा बंद पडली, आणि सरकारची लोकशाळा टॅबमधून घराघरांत आली. केतकीला सहा वर्षं पूर्ण झाली होती.

लोकशाळेत तुकड्या नाहीत, असं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. प्रणालीचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नव्हता. ती स्वतः हायस्कुलात ड तुकडीत होती. ड तुकडी मैदानाकडच्या वर्गात बसायची. तिथे सर उशिरा यायचे आणि लवकर जायचे, आणि अ तुकडीच्या स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या उचलायला ड ची पोरं लागायची. पुढे ती आयटीआय झाली, पुरुषांनी नाही म्हटलेल्या शिड्या चढली, तरी कुणी 'शाळा' म्हटलं की ती अजून नजर खाली घालायची. तुकड्या नाहीत म्हणजे दिसत नाहीत एवढंच, असं तिला वाटे. आणि त्या न दिसणाऱ्या ड मध्ये तिची केतकी जाणार नव्हती, म्हणजे नव्हती.

"तू मधी मधी करू नको," संग्राम फोनवर म्हणाला. "बसू दे तिला एकटीला. येईल ते सांगंल."

"आणि नाही आलं तर? तुम्ही येताय का समुद्रातनं तिला शिकवायला?"

यावर तो गप्प झाला. गप्प बसणं ही त्याची चांगली सवय होती.

पहिल्या दिवशी टॅबमधून मऊ आवाज आला, "केतकी, तुझ्याकडे सात चिंचोके आहेत. मैत्रिणीने आणखी पाच दिले. आता किती?"

केतकीने टॅबकडे पाहिलं, मग टॅबच्या वर पाहिलं. तिथे कॅमेऱ्याच्या मागे, उलट्या घातलेल्या डब्यावर तिची आई बसली होती. आईने दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मुठी मिटल्या, पुन्हा दोन बोटं दाखवली.

"बारा."

"छान. कसं काढलंस?"

हा प्रश्न प्रणालीच्या हिशेबात नव्हता. ती गांगरली. घाईत तिने हवेत पाना फिरवल्यासारखा हात केला, कारण बोल्ट मोजताना ती स्वतः तसंच मोजायची, एकेक आवळत. केतकीने ते पाहिलं आणि म्हणाली, "पाना फिरवून."

"पाना फिरवून," आवाजाने जपून म्हटलं आणि लक्षात ठेवलं.

उत्तरं बरोबर येत गेली तसे प्रश्न अवघड होत गेले. तिसऱ्या दिवशी गुणाकार निघाले. चौथ्या दिवशी पडद्यावर दोन अपूर्णांक आले, एकाखाली चार, दुसऱ्याखाली आठ. मोठा कोणता? प्रणालीने न डगमगता आठ बोटं दाखवली. अपूर्णांक आले की ड तुकडीतल्यासारखाच तिच्या डोक्यात धुरळा उडायचा. हातात भाकरी असती तर ती कधी चुकली नसती, पण कागदावरचे आकडे तिला अजून फसवायचे. केतकी म्हणाली, "आठवाला."

"कसं?"

"आठ मोठे असतात."

सातव्या दिवशी निकाल आला. 'केतकी संग्राम शेलार. छाया तयार. गती: जलद.' प्रणालीने तो पडदा सुलूकाकूंना दाखवला, पोस्टमनला दाखवला, आणि वर पंख्याच्या पोटात बसून सोबतच्या तंत्रज्ञालाही दाखवला. सुलूकाकूंनी केतकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "आगं, ह्या सड्यावर कधी झाली न्हाई आशी हुशार पोर!" केतकी मात्र कोंबड्यांच्या मागे पळून गेली होती.

ही छाया काय होती, ते इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

वर्गात चाळीस मुलं असली, की शिक्षक एकच गोष्ट एकाच प्रकारे सांगतो. दहांना ती कळते, वीस जण माना डोलावतात आणि उरलेले खिडकीबाहेर बघतात. एकेका मुलाला त्याच्या डोक्याच्या वाटेने शिकवायचं, तर ती वाट आधी ठाऊक हवी. लोकशाळेच्या संगणकशास्त्रज्ञांनी ती शोधायची युक्ती काढली. सहा दिवस मुलाशी बोलायचं आणि त्याची नजर कुठे थबकते, उत्तरापूर्वी किती वेळ जातो, डोळ्यातली बाहुली कधी मोठी होते, आवाज कधी पडतो, हे सगळं टिपायचं. त्यावरून संगणकात एक खोटं मूल उभं करायचं, जे खऱ्या मुलासारखं अडेल आणि त्याच्यासारखंच चुकेल. हीच छाया. उद्याचा धडा आधी तिला शंभर प्रकारे शिकवून बघायचा. ज्या प्रकाराने तिला कळलं, तो एकच प्रकार सकाळी खऱ्या मुलापुढे ठेवायचा. नव्याण्णव फसलेले धडे मुलाच्या वाट्याला येतच नाहीत.

यात सर्वांत मोलाची असते ती चूक. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, पण चूक ज्याची त्याची असते, आणि तिच्यावरूनच ते डोकं कसं चालतं ते कळतं. छायेचा पाया सहा दिवसांत बसतो. ताप, रुसवा किंवा एखादा वाईट दिवस यांनी तो डळमळू नये म्हणून नंतर त्यात बदल होतात ते अगदी सावकाश.

जुलैत धडे सुरू झाले. दुपारी तीन ते पाच. केतकी टॅबसमोर बसायची आणि प्रणाली तिच्या शेजारी. "लहान आहे, एकटी बसत नाही," असं ती सांगायची, पण आठवडाभरात खरं कारण वेगळंच झालं होतं.

एके दिवशी पडद्यावर एक लोखंडी कडं आलं, पंख्याच्या बुंध्याला असतं तसं, गोलाकार भोकांचं. "हे कडं आवळायला चार बोल्ट आहेत," आवाज म्हणाला. "कड्याचा सगळा भार चौघांनी वाटून घेतला. एकाच्या वाट्याला किती?" कड्याचा एक पाव भाग लाल झाला. "आता भार तोच, पण बोल्ट आठ." लाल भाग आक्रसून अर्ध्यावर आला. "खालचा आकडा म्हणजे वाटेकरी. वाटेकरी वाढले की काय होतं?"

"वाटा कमी होतो!" प्रणाली ओरडली.

केतकी दचकली. आईचे डोळे भरून आले होते. वीस वर्षं डोक्यात बसलेला धुरळा एका मिनिटात खाली बसला होता आणि पलीकडचं सगळं लख्ख दिसत होतं. मी ढ नव्हते, एवढंच वाक्य तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. कुणी मला माझ्यासारखं सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर तिला दुपारचे तीन कधी वाजतात असं होऊन गेलं. शिडीवरून उतरताना ती पायऱ्यांचे भाग पाडायची. जेवताना संग्रामला फोनवर विचारायची, "अहो, सांगा, तीन अष्टमांश मोठे का अर्धा?" आणि तो "कामावर आहे" म्हणून सटकला की खदखदून हसायची. धड्यात अधूनमधून प्रश्न यायचे, ती हळूच केतकीच्या कानात उत्तर सांगायची, केतकी ते मोठ्याने म्हणायची आणि शाळा पुढे जायची.

केतकीचं मात्र लक्षण ठीक नव्हतं. ती भिंतीचे पोपडे काढायला लागली. नखं तर इतकी कुरतडली, की आमटी-भात कालवताना बोटं चुरचुरायची. धडा चालू असताना ती मांडी बदलायची, पाणी मागायची, शूला जायची, परत येऊन पुन्हा पाणी मागायची. "समजलं का?" असं आवाजाने विचारलं, की तत्काळ "हो" म्हणायची. "हो" म्हटलं की हे लवकर संपतं, एवढं तिला नेमकं समजलं होतं.

सप्टेंबरात एका दुपारी टॅब सापडेना. प्रणालीने गादी उलटली, कपाट उपसलं, सुलूकाकूंकडे जाऊन आली. तिची चिडचिड होत होती आणि जीव घड्याळाकडे लागला होता, तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटी संध्याकाळच्या भाकरीसाठी डबा उघडला तेव्हा ज्वारीच्या पिठातून टॅबचा काळा कोपरा वर आला.

"कुणी केलं हे?"

केतकी दाराशी उभी होती. "मला नाय आवडत ती शाळा."

"एवढी चांगली शाळा आहे आणि आवडत नाही? लाडावलीस तू!" प्रणालीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. आयुष्यातला पहिलाच. केतकी रडली नाही. प्रणालीने पदराने टॅब पुसला, चालू होतोय का ते बघितलं, आणि चालू झाल्यावर तिला आधी हायसं वाटलं, मग फार लाज वाटली.

बावीस तारखेला फरीदा मुजावर बाईंचा फोन आला. लोकशाळेत धडे छाया ठरवत असली तरी दर दीडशे मुलांमागे एक माणूस शिक्षक असतो, आणि या बाई मिरजेहून सडेवाडीची मुलं बघायच्या. पडद्यावर चष्मा, पांढरे होत आलेले केस आणि मागे वह्यांनी भरलेलं कपाट दिसलं.

"प्रणालीताई, केतकी बरी आहे ना? फार चुळबुळ करते, असं टॅबने कळवलंय."

"लहान आहे, बाई. पण हुशार आहे. जलद आलीये तिची गती."

"तेच बोलायचंय." बाईंनी चष्मा काढला. "मी तिच्या पहिल्या सहा दिवसांच्या चुका बघत बसले होते. फार थोड्या आहेत, चारच. त्यातली एक मला झोपू देत नाही. पाव आणि अष्टमांशात तिने अष्टमांश मोठा म्हटला, आठ मोठे असतात म्हणून."

प्रणालीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"सहा वर्षांचं मूल अशा प्रश्नावर गप्प बसतं, नाहीतर काहीतरी गंमतीचं सांगतं. ही चूक करायला आधी शाळेत जाऊन अपूर्णांक अर्धवट शिकावे लागतात. मी बावीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलंय, ताई. ही चूक मी ओळखते. ती मोठ्या मुलीची आहे."

"माझ्या पोरीनं स्वतः दिलीत सगळी उत्तरं," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सड्यावरची पोर हुशार निघाली तर तुम्हाला खपत नाही, दुसरं काय!"

बाई रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "तीस सप्टेंबरला पट बंद होतो," त्या म्हणाल्या. "छायाही वर्षभरासाठी पक्की होते. पुन्हा ओळख करायची तर सहा दिवस लागतात, म्हणजे चोवीसपर्यंत तुम्ही स्वतः कळवायला हवं. माझ्या हातात नाही ते, पालकांनीच सांगायचं असतं. नाही कळवलंत तर ही छाया वर्षभर शिकत राहील, केतकी शेजारी बसून राहील, आणि ज्या वयात आकड्यांशी गट्टी व्हायची त्या वयात आपल्याला काही येत नाही, हे ती पक्कं शिकेल. ते पुसायला मग फार वर्षं लागतात."

हे शेवटचं वाक्य प्रणालीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेवीस तारखेला तिच्याकडे चव्वेचाळीस नंबरचा पंखा होता. वर, यंत्राच्या डब्यात, वारा पत्र्याला धडका देत होता आणि ती बोल्टांवर पाना चालवत होती. मनात एकच घोळ चालला होता. कळवलं, तर केतकीची गती जाईल. गावभर दाखवलेला पडदा खोटा ठरेल. सूचना मोडली म्हणून आणखी काय होईल ते वेगळंच. आणि नाही कळवलं तर? हळूहळू जुळेलही. छाया बदलते की सावकाश. मुलं रुळतात. आपण नाही का रुळलो?

पण याच्याही तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिने स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. उद्याच्या धड्याचं नाव आधीच पडद्यावर आलं होतं: 'अर्धा आणि एक तृतीयांश एकत्र कसे करायचे.' हे तिला कधीच जमलं नव्हतं. आणि उद्या जमणार होतं, याची तिला खात्री होती. ती शाळा तिला ओळखत होती. नवऱ्यापेक्षाही नीट ओळखत होती. अशी शाळा आपणहून बंद करायची?

संध्याकाळी तिने केतकीला मांडीवर घेतलं. "शोना, सात आणि पाच किती गं?"

केतकीने वर आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग आईच्या हातांकडे पाहिलं. हात हलेनात, तेव्हा तिने ते आपल्या हातांनी उचलले आणि वाट बघत राहिली.

"अगं, तू सांग की."

"तू आधी बोटं दाखव ना."

"मी नाही दाखवणार. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं?" केतकी खरोखरच गोंधळली होती. "शाळा तुझी आहे ना, मम्मी? मी नुसती बसते."

प्रणालीने तिला घट्ट जवळ ओढलं. आपण पोरीला ड तुकडीपासून वाचवत नव्हतो, ड तुकडी थेट घरात आणून तिला तिच्यात बसवत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं.

चोवीस तारखेला ती दोनऐवजी एकलाच खाली उतरली. केतकीला सुलूकाकूंकडे ठेवलं. बाईंना फोन करायचाच होता, पण आधी तो एक धडा. एवढाच एक. तिने केस नीट केले आणि टॅबसमोर, केतकीच्या जागी, मांडी घालून बसली.

पडदा उजळला. कॅमेऱ्याचा ठिपका तिच्या तोंडावर स्थिरावला.

"केतकी दिसत नाही," आवाज म्हणाला, तोच मऊ आवाज. "केतकी आली की सुरू करू."

"अरे, मीच आहे," प्रणाली म्हणाली. "मीच. पाना फिरवून. मी सांगितलं होतं ते."

"केतकी आली की सुरू करू."

ती केतकीच्या जागेवरून उठली. मग तिने बाईंना फोन लावला.

"उत्तरं मी दिली, बाई," ती म्हणाली. "सगळी. बोटांनी. परवा तुम्हाला नाही ते बोलले."

"माझ्या दीडशेतल्या अकरा घरांनी हेच केलंय," बाई म्हणाल्या. "फोन तुमचा एकटीचा आला."

"पोरीला शिक्षा नाही ना काही?"

"नाही हो. जुनी छाया पुसायची, नवी करायची, बस."

प्रणाली घुटमळली. "बाई, ती छाया माझी आहे. म्हणजे तिच्यात मीच आहे जास्त. ती पुसण्याऐवजी... मला नाही का ठेवता येणार? मला जन्मात कुणी असं शिकवलं नाही. मी केतकीच्या वेळात बसणार नाही, सकाळी चारला उठून बसेन."

"कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच छाया करता येते, ताई. तीही नंतर पुसावी लागते. कुणाला काय सांगितलं म्हणजे त्याच्या गळी उतरतं, हे छायेला नेमकं ठाऊक असतं. मुलाला भागाकार शिकवायला ते चांगलं. मोठ्या माणसाची छाया कुणाच्या हाती पडली, तर तुमच्याकडून हवं ते वदवून घेतील आणि ते तुमचंच मत आहे असं तुम्हाला वाटेल. म्हणून बंदी आहे. बंदी योग्यच आहे. पण आज मला ती आवडत नाही."

पडद्यावर प्रश्न आला: 'छाया रद्द करायची?' खाली कारणाची चौकट होती. प्रणालीने त्यात लिहिलं, 'ही माझ्या मुलीची नाही.' मग 'होय'वर बोट ठेवलं. छाया पुसायला दोन सेकंदही लागले नाहीत. मग ती हमसून हमसून रडली, आणि बाईंनी फोन ठेवला नाही.

दुसऱ्या ओळखीचे सहा दिवस प्रणालीने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. टॅब लावायचा, पोरीला बसवायचं आणि घराबाहेर पडायचं. पहिल्या दिवशी केतकी टॅबच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघत अर्धा तास गप्प बसली, असं बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती रडली. प्रणाली सुलूकाकूंच्या अंगणात शेंगा फोडत होती. रडणं ऐकून ती उठली, तशी काकूंनी तिचा हात धरला.

"जाऊ नगंस."

"काकू, रडतीया ती!"

"रडू दे की. तू काय जल्मभर बोटं दावत फिरणारैस व्हय?"

तिसऱ्या दिवशी वारा घराकडून येत होता. केतकीचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "चौदा! नाय नाय, अकरा! थांब, चौदाच!" उत्तर काय हवं होतं, कुणास ठाऊक, पण दोन्ही चूकच असणार, असं प्रणालीला वाटलं. तिची बोटं आपोआप उघडली. तिने ती मुठीत दाबली, शेंगांची पाटी तिथेच टाकली आणि तरातरा सड्यावर चालत सुटली, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.

तीस सप्टेंबरच्या संध्याकाळी निकाल आला. 'केतकी संग्राम शेलार. छाया तयार. गती: सावकाश.'

सुलूकाकूंनी पडदा पाहिला आणि "बरं झालं, आली एकदाची," एवढंच म्हणाल्या. प्रणालीने तो पडदा पुन्हा पुन्हा वाचला. सावकाश. शेवटी ड च. आपण हे काय करून बसलो, असं तिला रात्रंदिवस वाटत राहिलं, आणि तिने ते संग्रामला फोनवर सांगितलं. तो आधी नेहमीसारखा गप्प बसला. मग म्हणाला, "सावकाश तर सावकाश. तिची हाय ना?"

तीन तारखेला नवा पहिला धडा होता. पालकांनी बसायला आता हरकत नव्हती. प्रणाली हात मागे बांधून दाराच्या जरा अलीकडे उभी राहिली.

"केतकी," आवाज म्हणाला, "मला इथेच राहू दे. तू ऊठ. भिंतीपासून दाराकडे चाल, आणि मोज."

केतकी उठली. प्रणालीला वाटलं, धडा बिघडलाय. शिकायचं तर बसायला नको? केतकी पावलं टाकत निघाली, एक, दोन, तीन, सातवर थांबली, गिरकी घेतली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. आवाज काहीतरी अर्धवट विचारायचा, ती चालतच त्याला काहीतरी अर्धवट सांगायची. मध्येच दोघं हसले. एकदा ती डोळे मिटून चालली. प्रणालीला यातलं काहीएक कळत नव्हतं. ना आकडे मांडलेले, ना चित्र, ना काही क्रम. तिने खूप प्रयत्न केला, आणि तिच्या डोक्यात पुन्हा तोच जुना धुरळा उडाला.

"सात पावलं झाली," आवाज म्हणाला. "अजून पाच टाकलीस तर कुठे असशील?"

केतकीने जागेवरूनच मान वळवून खोलीभर नजर फिरवली. "उंबऱ्यावर," ती म्हणाली. "उंबरा बारावर आहे."

"अगं, कसं काढलंस?" प्रणालीच्या तोंडून निघून गेलं.

"काढलं नाय. तिथंच होतं ते." केतकी पावलं टाकत निघालीच होती. आठ. मग ती थांबली आणि आईचा पदर बाजूला ओढला.

"मम्मी, सरक ना. नऊवर उभी आहेस तू."